डभईच्या तटाचा चितारी : जेम्स फोर्ब्स

बडोद्याच्या आग्नेयेला सुमारे दहा कोसांवर डभई नावाचे एक जुने तटबंदीचे गाव आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला ते एका लढाईमुळे ठाऊक असते. १ एप्रिल १७३१ रोजी डभई आणि भिलापूर यांच्या दरम्यानच्या मैदानावर पहिल्या बाजीराव पेशव्यांनी सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांचा पराभव केला आणि त्र्यंबकराव रणांगणातच पडले. भोपाळच्या वाचकाला हेच बाजीराव आणखी जवळचे; कारण १७३७ च्या डिसेंबरात त्यांनी निजामाला भोपाळच्या तटाआड कोंडून धरले आणि पुढच्याच महिन्यात दोराहे सराईचा तह त्याच्याकडून करवून घेतला. तट, तटाला लगटून पसरलेला तलाव आणि दोहोंवर सावली धरणारी झाडी ही भोपाळची ठेवण डभईतही आढळते. आकार तेवढा लहान. डभईचे हे रूप अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कागदावर उतरवून ठेवले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकराने. तो व्यवसायाने चित्रकार नव्हता. ज्या तटाची चित्रे त्याने काढली त्याच तटाच्या आत बसून तो कंपनीसाठी सारा वसूल करीत होता, आणि त्याच्या आयुष्याची सारी ओढाताण या एका गोष्टीत सामावलेली आहे.

जेम्स फोर्ब्स याचा जन्म १७४९ साली लंडनमध्ये झाला. वयाची सोळा वर्षे पुरी होण्याआधीच त्याने घर सोडले आणि कंपनीचा ‘रायटर’, म्हणजे कारकून, म्हणून तो १७६६ साली मुंबईत उतरला. त्या काळची मुंबई म्हणजे कोटाच्या भिंतीआड सामावलेले व्यापारी ठाणे. समोरची साष्टी आणि पलीकडची वसई मराठ्यांच्या ताब्यात होती. कंपनीच्या राज्याचा विस्तार सांगायचा तर बेटाच्या किनाऱ्याशी तो संपत असे. कारकुनांना वेतन इतके अपुरे मिळे की रात्रीचे जेवण टाळून झोपणे या मुलाच्या वाट्याला वारंवार येई. मेणबत्तीला पैसे नसत, म्हणून घराच्या गच्चीवर चांदण्यात बसून तो शेक्सपिअरची नाटके वाची. पुढे ज्यांनी हिंदुस्थानातून गलबते भरून संपत्ती नेली त्यांच्या आरंभीच्या दिवसांची ही बाजू सहसा कोणी सांगत नाही. फोर्ब्सने ती न लाजता नोंदवून ठेवली आहे.

याच एकाकी वर्षांत त्याला चित्रे काढण्याचा छंद जडला. कोणा उस्तादाच्या हाताखाली तो शिकला नव्हता. दिसेल ते पान, फूल, पाखरू, मासा, सर्प तो समोर घेई आणि जलरंगांत उतरवी. घरी पाठवायच्या पत्रांना ही चित्रे जोडली जात. मजकूर चित्राला आणि चित्र मजकुराला पुरवणी, अशी ही रीत एकदा पडली ती आयुष्यभर टिकली. सतरा वर्षांच्या हिंदुस्थानी वास्तव्यात आणि त्यानंतर जमलेल्या त्याच्या कागदांची मोजदाद दीडशे खंड आणि बावन्न हजार पाने अशी सांगितली जाते. एवढा उद्योग हौसेखातर करणारा माणूस कचेरीचे काम कधी करीत असेल, असा प्रश्न पडावा. पण कचेरीच्या कामातही तो कसूर करीत नव्हता, असेच त्याच्या बढत्यांवरून दिसते.

१७७१ साली प्रकृतीच्या कारणाने तो कोकणात बाणकोट आणि दासगाव भागात गेला. महाडनजीकच्या उन्हेऱ्यांचे पाणी औषधी मानले जाई. बाणकोटचा किल्ला तुळाजी आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमेनंतर इंग्रजांकडे आला होता आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव दिले होते. सावित्रीच्या मुखावरचा हा डोंगरी किल्ला, खाली खाडी, मागे सह्याद्रीच्या रांगा, असा देखावा मुंबईच्या सपाट कोटात दिसणे शक्य नव्हते. पाखराच्या पिसाकडे बारकाईने पाहणारा डोळा आता डोंगर आणि तट यांच्याकडे वळू लागला. पुढल्या वर्षी त्याची नेमणूक दक्षिणेत त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील अंजेंगोच्या वखारीत झाली. तेथे दिवस संथ होते. समुद्र, माड आणि मिरीचा व्यापार यांपलीकडे फारसे काही घडत नव्हते.

घडामोडी सुरू झाल्या त्या १७७५ मध्ये. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर बारभाईंनी दूर सारलेले रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि कर्नल कीटिंग याच्या हाताखाली कंपनीची फौज रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी गुजरातेत उतरली. फोर्ब्स या फौजेबरोबर कीटिंगचा चिटणीस म्हणून गेला. फौजेला पाद्री नव्हता, म्हणून प्रार्थना म्हणण्याचे कामही पंचविशीतल्या या तरुणाकडेच आले. १८ मे १७७५ रोजी आडासच्या मैदानात हरिपंत फडक्यांच्या फौजेशी गाठ पडली. इंग्रजांनी मैदान राखले. पण त्यांचे दोनशेहून अधिक लोक ठार वा जखमी झाले आणि त्यांत अधिकाऱ्यांची संख्याही मोठी होती. मृतांसाठी प्रार्थना म्हणायची आणि जिवंतांसाठी पत्रे लिहायची, अशी दुहेरी सेवा त्या उन्हाळ्यात फोर्ब्सच्या वाट्याला आली.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा फौजेला आसरा हवा होता. कीटिंगची पलटणे डभईच्या तटात छावणीला गेली. रघुनाथरावांनी आपला तळ जवळच ढाढर नदीच्या काठी, भिलापूर येथे ठोकला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी याच भूमीवर त्यांच्या वडिलांनी पेशवाईचा धाक गुजरातभर बसविला होता. आता पुत्र त्याच मातीवर परक्या पलटणींच्या भरवशावर पावसाचे दिवस मोजीत होता. इतिहास अशा जागा स्वतःहून निवडत नाही, पण घडलेले पाहणाऱ्याला ते बोचल्यावाचून राहत नाही.

फोर्ब्सने डभई प्रथम पाहिली ती अशी, धुवांधार पावसात आणि पराभवासारख्या विजयानंतर. तटाच्या सांध्यांतून वड-पिंपळ उगवलेले, तलाव काठोकाठ भरलेला, भिंतींवर शेवाळ आणि वेली. बाहेर जाण्याची सोय नव्हती. भिजलेल्या तंबूंतून आणि ओसाड देवड्यांतून दिवस काढणाऱ्या शिपायांना ते गाव तुरुंगासारखे वाटले असल्यास नवल नाही. फोर्ब्सच्या मनात मात्र त्याचे रूप पक्के ठसले. पुढे कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने सुरतेचा तह अमान्य केला आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह होऊन हे प्रकरण तात्पुरते मिटले. प्रकृती ढासळल्याने फोर्ब्स त्याआधीच फौज सोडून निघाला होता. १७७६ साली तो इंग्लंडात पोहोचला.

तेथे तो रमला नाही. थोड्याच काळात तो पुन्हा हिंदुस्थानकडे निघाला. या वेळी त्याची बहीण त्याच्यासोबत होती. त्याची नेमणूक भडोचला झाली. भडोच कंपनीने १७७२ मध्ये तेथील नबाबाकडून जिंकून घेतले होते. नर्मदेच्या पात्रातील बेटावरचा प्रसिद्ध कबीरवड तेथून जवळ. एका झाडाची सुमारे साडेतीनशे मोठी खोडे, तीन हजारांवर लहान खोडे आणि सात हजार माणसांना पुरेल इतकी सावली, असे त्याचे मोजमाप फोर्ब्सने दिले आहे. त्या वडाचे त्याने काढलेले चित्र पुढे युरोपात फार गाजले. आरंभी झाडाचे एक पान रंगविणारा हा मनुष्य आता अख्ख्या अरण्याएवढे झाड एका कागदात बसवू लागला होता, आणि हीच तयारी त्याला लवकरच कामी येणार होती.

पुन्हा युद्ध पेटले. मुंबईकर इंग्रज रघुनाथरावांना घेऊन पुण्यावर चालून गेले आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावात त्यांना मानहानीचा करार करावा लागला. पण बंगालमधून निघालेली दुसरी एक फौज तेव्हा मध्य हिंदुस्थान ओलांडून पश्चिमेकडे येत होती. तिचा पहिला सेनानी लेस्ली बुंदेलखंडातच वारला आणि सूत्रे गॉडर्डकडे आली. १७७८ च्या अखेरीस गॉडर्ड भोपाळच्या मुलखातून होशंगाबादला उतरला. भोपाळचे नवाब हयात मुहम्मद खान यांनी मराठ्यांचा रोष पत्करून त्याला धान्य आणि वाट दिली. भोपाळ दरबार आणि इंग्रज यांच्या मैत्रीचा आरंभ या वाटचालीपासून धरला जातो. नर्मदाकाठी काही काळ थांबून बऱ्हाणपूरमार्गे ही फौज फेब्रुवारी १७७९ च्या अखेरीस सुरतेत दाखल झाली. पुढच्या जानेवारीत तिने डभईला वेढा घातला तेव्हा आतल्या मराठी शिबंदीने रातोरात गाव सोडले. त्याच महिन्यात फत्तेसिंगराव गायकवाडांशी करार झाला, आणि डभई व आसपासच्या परगण्यांचा कलेक्टर म्हणून जेम्स फोर्ब्स याची नेमणूक झाली. तेव्हा तो तिशीत होता. भोपाळवरून फौज गेली नसती तर डभईच्या तटाला त्याचा हा चितारी लाभला नसता.

डभईचे प्राचीन नाव दर्भावती. गुजरातच्या सोळंकी राजांनी आपल्या राज्याच्या या दक्षिण सीमेवर ती वसविली. तटबंदीचे श्रेय परंपरा सिद्धराज जयसिंहाला देते. धारेच्या परमारांचा पराभव करून माळवा घेणारा तो हाच. पुढे तेराव्या शतकात वाघेला राजा वीसलदेव याच्या काळात तट आणि देवळे यांची नव्याने उभारणी झाली. घडीव दगडांचा हा तट चारी बाजूंनी गावाला वेढून होता. त्याच्या आतल्या अंगाला खांबांच्या ओळीवर तोललेली ओसरी होती. पहारेकऱ्यांना खाली सावली आणि वरून फिरायला धक्का, अशी ती दुहेरी सोय. चार दिशांना चार दरवाजे. गुजरातेत वेशीला भागोळ म्हणतात, म्हणून त्यांची नावे हिरा भागोळ, वडोदरी भागोळ, नांदोदी भागोळ आणि माहुडी भागोळ अशी पडली. पूर्वेची हिरा भागोळ सर्वांत देखणी. तिच्या लगत कालिकेचे मंदिर आहे आणि त्याच्या भिंतींवर पायथ्यापासून माथ्यापर्यंत बोट ठेवायला कोरी जागा सापडत नाही. हत्ती, घोडे, उंट, योद्धे, नर्तकी, देवता यांचे थरावर थर चढत गेलेले आहेत. एकावर एक पुढे झुकणारे दगडी तोडे वरची तुळई तोलून धरतात.

या दरवाजाच्या नावाची कथा अशी सांगतात की, हिराधर नावाच्या शिल्पकाराने राजाचा दगड चोरून आपल्या प्रेयसीसाठी तलाव बांधला आणि शिक्षा म्हणून त्याला या दरवाजाच्या भिंतीत जिवंत चिणले. फोर्ब्सला आणखी एक कथा ऐकायला मिळाली. सवतींच्या जादूटोण्यामुळे सिद्धराजाच्या आवडत्या राणीची प्रसूती लांबत गेली. नर्मदेच्या यात्रेला निघालेली राणी डभईच्या राईत तलावाकाठी उतरली आणि तेथे वीस महिन्यांचा वीसलदेव जन्मला. त्या आनंदात राजाने तेथे नगर वसविले. शंभराहून अधिक वर्षांचे अंतर असलेल्या दोन राजांना लोककथेने बाप-लेक करून टाकले आहे. फोर्ब्सने इतिहासाची खातरजमा केली नाही, पण कथा जशी ऐकली तशी लिहून घेतली. त्याच्या या सवयीमुळे कितीतरी सामग्री टिकली.

कलेक्टरचे निवासस्थान तलावाच्या अंगाला होते. कमळांनी भरलेले पाणी, काठाची लहान-मोठी देवळे, घाटावर पाणी भरणाऱ्या बायका, आणि पलीकडे तटाच्या भग्न माथ्यावर वाढलेली झाडे, असा देखावा रोज डोळ्यांसमोर असे. हवा निवळ असली की उत्तरेला पावागडचा एकलकोंडा डोंगर दिसे. सकाळी कचेरी उघडण्यापूर्वी आणि सायंकाळी ती मिटल्यावर तो चित्रे काढी. हिरा भागोळीचे त्याचे चित्र पुढे ग्रंथातही छापले गेले.

याच सुमारास इंग्लंडात भग्न वास्तू आणि तिच्यावर चढलेली वनस्पती यांची चित्रे काढण्याची आवड जोरात होती. विल्यम हॉजेस हा नामांकित चित्रकार १७८० साली हिंदुस्थानात आला आणि उत्तरेकडील किल्ल्यांची चित्रे काढीत फिरला. महादजी शिंद्यांकडून कंपनीने त्याच युद्धात घेतलेला ग्वाल्हेरचा किल्लाही त्याने रंगविला. हॉजेस दुरून पाहतो. किल्ला त्याला प्रकाश-सावलीचा एक भव्य पुंज म्हणून दिसतो आणि तपशील धुक्यात विरतात. फोर्ब्सकडे ती ताकद नव्हती. त्याच्या माणसांच्या आकृती ताठर असतात आणि दृष्टिसंगतीत तो अधूनमधून चुकतो. पण वड कोणता, पिंपळ कोणता, फांदीवरचे पाखरू कोणत्या जातीचे, हे त्याला ठाऊक असते. कारण त्यांतील प्रत्येकाचे वेगळे चित्र त्याने कधी ना कधी काढलेले असते. शिवाय हॉजेस त्या गावांचा पाहुणा होता. फोर्ब्स डभईत तीन वर्षे राहिला, तिथल्या लोकांचे तंटे त्याने सोडविले आणि त्यांच्याकडून सारा घेतला.

या दुसऱ्या कामाचे वर्णन केल्याशिवाय पहिल्याचे मोल कळणार नाही. न्यायाच्या कामात तो ब्राह्मण पंडित, काजी आणि जातींचे मुख्य यांना सोबत बसवी आणि ज्याच्या त्याच्या धर्मशास्त्राप्रमाणे निवाडा व्हावा असे पाही. लोकांत त्याच्याविषयी विश्वास होता याचा पुरावा पुढे मिळतोच. पण तो शेवटी लढाईच्या काळातला अंमलदार होता. वसुलाचा पैसा फौजेच्या खर्चाकडे वळणार हे उघड होते आणि उपद्रव देणाऱ्या गिरासियांवर पलटण पाठविणेही त्याच्याच अधिकारात येत होते. मराठ्यांच्या मुलूखगिरीवर तो कठोर टीका करतो. कंपनीच्या माणसांनी आपल्या तुंबड्या भरल्या हेही तो जाणून होता, पण त्या बाजूला त्याची लेखणी जरा मऊ होते. मराठी वाचकाने त्याचे लेखन वाचताना हा कल ध्यानात ठेवलेला बरा.

डभईतील वानरांविषयी त्याने लिहिले आहे ते मात्र निर्मळ आनंदाने. गावात माणसांइतकीच वानरे असावीत असा त्याचा अंदाज होता. छपरे आणि माड्यांचे वरचे मजले जणू त्यांच्याच मालकीचे. कोणाला शेजाऱ्यावर सूड उगवायचा असेल तर तो पावसाळा लागण्याच्या बेतात त्याच्या छपरावर गुपचूप धान्य टाकून ठेवी. मग वानरे कौलांच्या फटींत गेलेले दाणे शोधण्यासाठी सगळी कौले उलथीपालथी करीत, आणि ऐन पावसाच्या तोंडावर कौले शाकारणारा मनुष्य मिळणे दुरापास्त होई. दुसरा एक प्रसंग शिकारीचा. मेजवानीला जमलेल्या साहेबांपैकी एकाने वडाखाली वानरीण मारली आणि तिला तंबूत आणले. सगळा कळप तंबूभोवती गोळा झाला. बंदूक दाखविताच बाकीचे हटले. म्होरक्या मात्र दारापर्यंत आला, आधी चवताळला, मग करुणपणे विव्हळू लागला. प्रेत त्याच्या हवाली केले तेव्हा ते उराशी घेऊन तो निघून गेला. त्यानंतर त्या मंडळींनी वानरांवर पुन्हा गोळी न झाडण्याचे ठरविले. डभईकरांच्या जीवदयेची थट्टा करणारे साहेब तेव्हा पुष्कळ होते. फोर्ब्स त्यांच्यापैकी नव्हता.

१७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. युद्धात घेतलेला मुलूख इंग्रजांनी परत करायचा होता आणि त्यात डभईही होती. १७८३ च्या वसंतात गाव मराठी अंमलदाराच्या स्वाधीन करण्याची तयारी सुरू झाली. भडोचही पुढे शिंद्यांकडे गेले, म्हणजे फोर्ब्सची गुजरातेतली दोन्ही घरे एकाच वर्षात त्याच्या हातून सुटली. निरोपाच्या वेळी गावातील प्रमुख मंडळी त्याला नजराणा देण्यासाठी आली. पैसा घेण्यास त्याने नकार दिला. त्याऐवजी त्याने मागितले ते दगड. पडक्या देवळांच्या आणि तटाच्या बाहेरच्या अंगाला निखळून पडलेल्या शिल्पांपैकी काही लहान तुकडे आपल्याला आठवण म्हणून न्यायचे आहेत, असे त्याने सांगितले. मूर्तिपूजा न मानणाऱ्या माणसाला देवांच्या प्रतिमा कशाला हव्यात, याचे मंडळींना नवल वाटले असणार. ब्राह्मणांनी विचार करून संमती दिली, आणि काही शिल्पे बैलगाड्यांनी व गलबतांनी इंग्लंडच्या वाटेला लागली.

ही देणगी होती की लूट, हा प्रश्न आजचा वाचक विचारल्याशिवाय राहणार नाही. त्याच शतकात आणि पुढल्या शतकात ज्या रीतीने मूर्ती आणि शिलालेख उचलून नेले गेले, त्या मानाने येथे विचारणा झाली आणि संमती मिळाली, एवढे खरे. पण विचारणारा तीन वर्षे गावाचा धनी होता, हेही तितकेच खरे. जाणाऱ्या सत्ताधीशालाही नाही म्हणणे सोपे नसते. फोर्ब्सच्या मनाला हा प्रश्न शिवल्याचे दिसत नाही. आपल्याला प्रेमाने निरोप मिळाला, याच भावनेत तो डभईच्या वेशीबाहेर पडला. १७८४ साली त्याने हिंदुस्थान सोडले ते कायमचे.

पस्तिशीच्या आत निवृत्त झालेला फोर्ब्स लंडनच्या वायव्येला स्टॅनमोर येथे टेकडीवर घर घेऊन राहिला. १७८८ साली त्याचे लग्न झाले. बागेत लिंडनच्या झाडांखाली त्याने एक अष्टकोनी मंडप उभारला आणि डभईची शिल्पे त्यात बसविली. इंग्लंडात हिंदू शिल्पांसाठी उभारलेल्या सर्वांत आरंभीच्या वास्तूंपैकी ही एक. डभईत झाडी दगडावर चढली होती, येथे दगड झाडीत नेऊन ठेवले होते. हौशी चितारी आपलेच चित्र पुन्हा बागेत मांडीत होता. मुलगी एलायझा मोठी होऊ लागली तेव्हा तिच्यासाठी त्याने जुनी पत्रे आणि चित्रे नव्याने नकलून काढायला घेतली. त्यांतून तेरा मोठे खंड सिद्ध झाले.

फिरण्याची आवड त्याला फ्रान्सला घेऊन गेली आणि १८०३ साली युद्ध पुन्हा पेटताच इतर इंग्रजांसोबत तोही तेथे अडकला. व्हर्दूंला त्याला नजरकैदेत ठेवण्यात आले. त्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला होता. विद्वान म्हणून फ्रेंच विद्वत्सभेने रदबदली केली आणि पुढल्या वर्षी त्याची सुटका झाली. एलायझाने १८०८ मध्ये माँतालाँबेर घराण्यातील फ्रेंच उमरावाशी विवाह केला. तिचा मुलगा शार्ल लहानपणी आजोबांपाशीच वाढला. पुढे फ्रान्समधील नामांकित इतिहासकार आणि वक्ता म्हणून ओळखला गेलेला शार्ल द माँतालाँबेर तो हाच. डभईच्या पंडितांना सोबत घेऊन न्याय करणाऱ्या फोर्ब्सने १८१० साली हिंदूंना ख्रिस्ती करण्याची निकड सांगणारे पुस्तकही लिहिले. बागेतल्या मंडपातील मूर्ती आणि हे पुस्तक एकाच घरात नांदत होती.

त्याचा मुख्य ग्रंथ ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ १८१३ मध्ये चार भारी खंडांत निघाला. सोबत नव्वदहून अधिक चित्रे. काही हाताने रंगविलेली. आडासची लढाई, रघुनाथरावांची छावणी, कबीरवड, कोकणातले प्रवास, हिरा भागोळ, सारे त्यात आले. ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिताना त्याचा आधार घेतला, आणि गुजरातेतील मराठेशाहीचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्याला टाळून पुढे जाता येत नाही. डभईच्या वास्तूंची पद्धतशीर पाहणी व्हायला मात्र आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत जेम्स बर्जेस आणि हेन्री कझेन्स यांनी केलेल्या त्या पाहणीचा ग्रंथ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर तटाचा बराच भाग ढासळला होता. खंडेराव महाराजांनी १८६२ मध्ये मियागामपासून डभईपर्यंत बैलांनी ओढायची रेल्वे नेली, तेव्हा गावाचे जुने एकांतपणही संपले. हिरा भागोळ आणि कालिकेचे मंदिर हे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली उभे आहेत.

१८१९ च्या उन्हाळ्यात सत्तरीचा फोर्ब्स नातवाला बरोबर घेऊन जर्मनीतील स्टुटगार्टकडे निघाला होता. वाटेत आखेन येथे तो आजारी पडला आणि १ ऑगस्ट रोजी तेथेच त्याचा अंत झाला. एलायझाने १८३४ मध्ये वडिलांच्या ग्रंथाची आटोपशीर आवृत्ती काढली. तिच्यासाठी हाताने लिहून-रंगवून ठेवलेले तेरा खंड अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. पुण्याच्या शनिवारवाड्यातील चित्रशाळेत शिकलेल्या गंगाराम तांबटांनी चार्ल्स मॅलेटसाठी काढलेली वेरूळची चित्रेही त्याच केंद्राच्या संग्रहात ठेवलेली आहेत.